तात्यांचा कान

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच निघालो होतो, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. गेली सहा वर्षं मी नुसताच निघत होतो… दोन महिन्यांपूर्वी आगाशीला त्यांच्या घरी जाऊन आलो. कंपनीच्याच कागदाची नवी डायरी त्यांच्या हातात ठेवली, चहा प्यालो, त्यांच्या सोनचाफ्याचं कौतुक केलं आणि सांगायचं ते न सांगताच परतलो. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आमची कागदाची कंपनी सुरू झाली कामणच्या बाजूला, पत्र्याच्या एका शेडमध्ये. रद्दी भिजवून तिचा वाण्याच्या पुड्यांसाठी बदामी कागद करायचो. तात्या पहिल्या दिवसापासूनचे, मला हाताला धरून काम शिकवणारे. माल निघण्याआधी ते प्रत्येक रिळाचा एक ताव कानाशी धरून हलवत. कोरडा कागद खणखणतो, ओल राहिलेला मुका राहतो. त्यांनी मान डोलावल्याशिवाय ट्रक हलत नसे, मालकसुद्धा शेजारी उभे राहून वाट बघत. मग दुसरं मशीन आलं, तिसरं आलं, आजूबाजूचे गाळे आमचे झाले आणि एके दिवशी छपाईचा पांढरा कागद करणारं मोठं मशीन बसलं. सोबत ओल मोजायचं यंत्र आलं, आणि ते माझ्या ताब्यात दिलं गेलं. मी हवेत होतो.

पांढऱ्या कागदाच्या पहिल्या ट्रकला हार घातला, नारळ फुटला, मालक पाहुण्यांना घेऊन उभे होते. तात्यांनी ताव हलवला आणि मला बाजूला घेतलं. "कागद बोलत नाय रे. आज नको पाठवू." यंत्र तर सगळं ठीक दाखवत होतं, आणि चारचौघांत ट्रक थांबवायची माझी छाती झाली नाही. मी सही केली. दुसऱ्याच दिवशी तात्या लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले, आणि आठवड्याभरात माल परत आला, लाटा आलेला, छपाईच्या मशीनमध्ये अडकलेला. यंत्र आधी बदामी कागदावर चालवून बघताना त्यासाठी लावलेलं होतं, ते पांढऱ्यासाठी बदलायचं मीच विसरलो होतो. मालकांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं, मालाचा गुपचूप पुन्हा लगदा झाला. तात्यांनी परतल्यावर विचारलं तेव्हा मी म्हणालो, माल छान चालला. ते हसले. "मग माझा कान गेला म्हणायचा." महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. कंपनी वाढत गेली, आता तिचा गुजरातेतही कारखाना आहे. मीही वाढलो… लाज वाटते लिहिताना.

तेराव्यानंतर तात्यांच्या पत्नीला, काकूंना भेटायला गेलो. त्यांनी मी दिलेली ती डायरी बाहेर आणली. म्हणाल्या, "कोणी नसलं की हिचं पान कानाशी धरायचे. मला विचारायचे, बघ गं, तुला येतो का आवाज?" मग मात्र माझ्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. काकूंनी पदराच्या टोकाने डायरी पुसली.

"एवढंच सांगायचं होतंस रे त्यांना."

डायरी त्यांनी मलाच दिली. ती ऑफिसात टेबलावर असते. ट्रक निघायच्या वेळी मी तिचं एक पान कानाशी धरून हलवतो. आवाज येतो, पण तो कोरड्या कागदाचा की ओल्या, मला ओळखता येत नाही. बाकी सगळं तात्यांनी शिकवलं. हेही शिकवायला ते तयार होते, मीच म्हणालो होतो, आता यंत्र आहे.