ताईंनी काढून टाकलेलं प्रकरण

डॉ. नलिनीताई सोमण माझ्या दुकानात प्रथम आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून, आणि पहिल्याच दिवशी माझं काम नापास करून गेल्या.

हडपसरला माझं टंकलेखनाचं दुकान आहे. वाशीमहून एका पिशवीनिशी पुण्यात आलो, भांडवल म्हणाल तर दोन कान. मुलाखतींची रेकॉर्डिंगं ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा, यावर संसार उभा केला. ताई समाजकार्याच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या. त्या वयाची मंडळी नातवंडं बागेत नेतात, ताईंनी पीएच.डी. सुरू केली. विषय असा, की हिंसाचारात घर सुटलेल्यांना छावणीत मदत देताना त्यांना कोणी काही विचारतं का? त्यासाठी त्या ईशान्येकडच्या छावण्यांत एकट्या राहून तिथल्या बायकांशी हिंदीतून बोलत.

नमुन्याचं पान वाचून ताई म्हणाल्या, "ही मधे गप्प बसली, ते कुठे गेलं?"

"गप्प बसलेलं टाइप होत नाही, मॅडम."

"मग जागा सोडा. तेवढं येतं ना?"

तेव्हापासून मी जागा सोडू लागलो. ताईही समोरच्या बाईला घाई करत नसत, हे कानांना कळत गेलं. कधी मुलाखत संपल्यावर रेकॉर्डर बंद करायचा राहून जाई. मग पत्र्यावरचा पाऊस, ताटलीचा आवाज, आणि ताईंचं स्वतःशीच, "चला नलिनीबाई, जेवून घ्या." ते मी कधी टाइप केलं नाही.

प्रबंध पूर्ण होत आला होता. त्यातलं एक प्रकरण एकाच बाईच्या हकिकतीवर उभं होतं, आणि बाकी सगळा प्रबंध त्या प्रकरणावर. ताई दुकानात मुद्रितं तपासत असताना फोन वाजला. पलीकडचा आवाज मी लगेच ओळखला. महिनाभर कानात होता.

"दीदी, मेरी बात वापस दे दो."

ताईंनी कारण विचारलं नाही. "दे दी," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अहो, ते प्रकरण काढा. रेकॉर्डिंगही पुसा. माझ्यासमोर."

मार्गदर्शकांनी त्याचा नुसता गोषवारा पाहिला होता. त्यांनी फोनवर समजावलं, "नावगाव बदला. कोणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," ताई म्हणाल्या.

मुदत संपत आली होती, मार्गदर्शक निवृत्तीला टेकले होते. पदवी हातची जाणार, असंच सगळे धरून चालले. ताईंनी मुदतवाढ मागितली, पुन्हा छावण्या गाठल्या आणि दोन वर्षांनी प्रबंध दिला. पदवी मिळाली. प्रबंध चांगला आहे. पहिला याहून चांगला होता, हे माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, आणि मीही यापुढे काही सांगणार नाही. एवढं लिहायलाही ताईंची परवानगी घेतली आहे.

त्याच दोन वर्षांत माझी पत्नी गेली. भेटायला आलेले सगळे बोलत होते. धीर धरा, देवाची इच्छा, मुलाकडे जाऊन राहा. ताई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या आणि समोर बसून राहिल्या. एक शब्द नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. पानोपानी तिच्यासाठी मीच जागा सोडली होती. मग मी बोललो. काय, ते इथे लिहीत नाही.

या गौरवग्रंथात ताईंच्या विद्वत्तेबद्दल जाणकार लिहितीलच. मी ऐकणारा माणूस. त्या हकिकतीचं ओझं ताई इतकी वर्षं कोणाला न सांगता वागवत आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण त्याचं दुसरं टोक माझ्याकडे आहे.

ताई, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. गुडघे सांभाळा, वेळेवर जेवत जा, शंभरी गाठा. आणि गुरुवारी सवडीने दुकानात येत जा. त्या प्रकरणाबद्दल आपण बोलणार नाहीच. पण न बोलायलासुद्धा समोर कोणीतरी लागतं.