जगदाळे मॅडमची कडक इस्त्री

शिवांजली जगदाळेच्या वर्दीची इस्त्री सगळ्या ठाण्यात नावाजलेली होती. हवालदार बिरदेव तर म्हणायचे, "ताई, तुमच्या पँटच्या धारेवर एकदा कलिंगड कापून बघू का?" बाकीच्यांच्या वर्दीचा दुपारपर्यंत बोळा व्हायचा; हिची संध्याकाळी घरी निघतानाही ताठ. कुठल्या लाँड्रीत देतेस, असं पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा ती बोलून गेली, "आहे एक, गावभागात." एकदा बोलून गेल्यावर ती लाँड्री तिला सांभाळावी लागली. कुणी नेमका पत्ता विचारला की लाँड्री बंद असायची, नाहीतर मालक लग्नाला गेलेला असायचा.

इस्त्री तिचे वडील करत.

नाथाजी जगदाळे सातारा जिल्ह्यात हवालदार होते. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा, आणि नोकरी मुदतीआधीच सोडावी लागली. पत्नी वारल्यावर ते मुलीकडे सांगलीला, पोलीस लाईनीत राहायला आले. शेजारणी हळहळल्या, "आवं आबा, आता बसून खावा." आबांना बसून खाणं जमलं नाही. मिरजेला एका संस्थेत जाऊन ते पांढऱ्या काठीनं चालायला शिकले. फोन बोलता करून घेतला. मंडईत भाजीवाल्या मनुबाईशी मेथीच्या जुडीवरून भांडले, आणि भांडता भांडता तिच्या घरच्या सुखदुःखातले झाले. त्यांच्या हातचं पिठलं खाऊन लाईनीतली माणसं बोटं चाटत.

रोज सकाळी ते वर्दी टेबलावर पसरत. डाव्या हाताची बोटं शिवणीवरून पुढे सरकत आणि त्यांच्या मागून उजव्या हातातली इस्त्री जाई. मग नावाची पट्टी शर्टाला लावत आणि ती सरळ बसली का ते अंगठ्यानं बघत. "जा आता," म्हणत. "वर्दी बोलली पायजे, तू न्हाई."

ठाण्यात शिवांजलीनं वडिलांबद्दल सांगितलं नव्हतं असं नाही, उलट भरभरून सांगितलं होतं. मोटारी चोरणाऱ्याला त्यांनी उसाच्या फडात शिरून कसं धरलं, त्यांच्या एका हाकेनं गर्दी कशी पांगायची. ऐकणाऱ्यांच्या मनात झुपकेदार मिशांचा, धिप्पाड माणूस उभा राहिला होता. "एकदा घेऊन या की आबांना," बिरदेव म्हणायचे. ती "आणते" म्हणायची आणि घरी नाथाजींना सांगायची, "ठाण्याकडं नका येऊ आबा, लय गर्दी असती." आपण मोठा करून सांगितलेला माणूस काठी टेकत दारात उभा राहिला तर कसं दिसेल, हा विचार तिच्या मनात आला होता. तो आपल्याला आला याची तिला लाज वाटायची, पण तिनं तो काढूनही टाकला नव्हता.

ठाण्यापुढे जप्तीच्या मोटारसायकली होत्या. कुठली चोरीची, कुठली अपघातातली. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत त्या हलवायच्या नसतात आणि हुकूम काही येत नसतो. आवार भरल्यावर त्यांची रांग बाहेर फुटपाथवर आली. येणारे-जाणारे रस्त्यावर उतरून वळसा घालत. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

एके दिवशी शिवांजली डबा घरी विसरली. दुपारी ती टेबलावर एका बाईची हरवलेल्या पर्सची नोंद घेत होती, तेवढ्यात बाहेर पत्रे कोसळावेत तसा आवाज झाला. सगळे धावले. काठी चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेतून पुढे गेली होती आणि हँडल नाथाजींच्या छातीवर बसलं होतं. एक गाडी दुसरीवर, दुसरी तिसरीवर. आबा गुडघ्यावर बसले होते, पायजमा फाटलेला, नडगीतून रक्त, सदऱ्यावर काळं ऑइल. डबा उघडून पिठलं फुटपाथवर सांडलं होतं.

"आवं बाबा, लागलं का?" बिरदेवांनी त्यांना उठवलं. "कुणाकडं निघालाय?"

नाथाजींनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी शिवांजली बोलली.

"आमच्या लायनीतले हायत कुणीतरी. मी बसवून देते रिक्षात."

आवाज आला तिकडे नाथाजींची मान वळली.  मग बिरदेवांना म्हणाले, "व्हय साहेब. वाट चुकली."

रिक्षापर्यंत ती त्यांचा दंड धरून गेली. "आबा," ती हळूच म्हणाली.

"डबा सांडला मॅडम," ते म्हणाले. "कायतरी खाऊन घ्या."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधली होती, भात टाकला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्दीला इस्त्री करून ठेवली होती. "आबा, दुपारी मी..." "जेव. भात गार व्हतोय." सकाळी त्यांनी तिच्या नावाची पट्टी शर्टाला लावली, अंगठ्यानं सरळ केली. "वर्दी बोलली पायजे" एवढं मात्र म्हणाले नाहीत.

आणि दुपारी ते तिच्या टेबलापुढच्या रांगेत उभे होते. स्वच्छ सदरा, टोपी, हातात काठी. मोबाइल हरवलेला एक मनुष्य आणि शेजाऱ्याच्या कोंबड्यांची तक्रार घेऊन आलेल्या तानुबाई, दोघांची कामं होईपर्यंत ते थांबले. मग पुढे आले.

"मॅडम, तक्रार अर्ज द्यायचा हाय."

शिवांजलीनं पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरून बिरदेवांनी विचारलं, "कालचे बाबा न्हवं? कुणाबद्दल अर्ज?"

"ह्या ठाण्याबद्दल."

बिरदेव हसले. "आमची तक्रार आमच्याकडंच व्हय?"

"मग काय बसस्टँडावर देऊ?" नाथाजी म्हणाले, तशा तानुबाई जाता जाता फिसकन हसल्या. "फुटपाथावर गाड्या हायत. माझ्यासारख्यानं चालायचं कुठनं? नोकरीत असताना मीबी अशाच ओढून लावल्यात साहेब. हितनं कोण जातंय, म्हणायचो. आता कळलं कोण जातंय. तवा एकदाबी डोक्यात आलं न्हाई, त्याची लाज वाटती."

"म्हंजे तुमी खात्यातलेच की!" बिरदेवांनी खुर्ची पुढे ओढली आणि कागद घेतला. "बसा, मीच लिहितो. पूर्ण नाव सांगा."

"नाथाजी गणपत."

"आडनाव?"

नाथाजींचा अंगठा काठीच्या मुठीवरून फिरला. नाव अर्धं सांगणाऱ्या किती जणांवर त्यांनी आयुष्यभर आवाज चढवला असेल! शिवांजलीच्या छातीवरची पट्टी त्यांनी सकाळीच लावली होती. त्या पट्टीवर काय कोरलंय हे त्यांच्या अंगठ्याला पाठ होतं.

"तेवढं ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले.

"आडनावाशिवाय अर्ज कसा घ्यायचा बाबा? खात्यातल्या माणसाला काय सांगायचं!"

"मग अर्जच ऱ्हाऊ द्या." ते उठले, काठीनं खुर्चीचा पाय चाचपला आणि दाराकडे वळले. किंचित लंगडत होते.

"जगदाळे," शिवांजली म्हणाली.

आवाज फारच बारीक आला. ती उभी राहिली. "बिरदेवदादा, लिहा. नाथाजी गणपत जगदाळे. माझे वडील हायत. काल मी खोटं बोलले."

बिरदेवांनी तिच्या पट्टीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. "उसाच्या फडातले?"

"तेच. आणि इस्त्रीबी तेच करतात. लाँड्री-बिंड्री काय न्हाई."

एरवी बिरदेवांनी यावर दहा विनोद केले असते. त्यांनी एकही केला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी नाथाजींना परत खुर्चीवर बसवलं.

नाथाजी तिच्याकडे वळले नाहीत. "पत्ता घ्या साहेब," म्हणाले. अर्ज लिहून झाल्यावर सही कुठं करायची ते त्यांना दाखवायला शिवांजलीनं त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. सही ठसठशीत आली. मग ते उठले आणि बिरदेवांच्या कोपराला हात लावून म्हणाले, "चला, रिक्षापतुर." तिच्या कोपराला नाही.

गाड्यांची विल्हेवाट लावायला कोर्ट लागतं, बाजूला सरकवायला लागत नाही. ड्यूटी संपल्यावर शिवांजलीनं एक गाडी धरून ओढली. चाक गंजून आखडलेलं. बिरदेव आले आणि त्यांनी मागून जोर लावला. फुटपाथवर एका माणसाला काठी फिरवत जाता येईल एवढी वाट झाली, तेव्हा तिची पँट मांडीपासून घोट्यापर्यंत लाल झाली होती.

घरी नाथाजींनी पँट हातात घेतली. बोटं धारेवरून चालली आणि खरखरीत जागी थांबली.

"हे काय?"

"गंज. गाड्या सरकवल्या."

त्यांनी नखानं थोडं खरवडून बघितलं. "लिंबू लावून ठेव. उद्या दुसरी घाल." मग इस्त्रीचं बटण दाबत विचारलं, "डबा न्हेतीस, का घेऊन येऊ?"

"तुमीच या आबा."

"कोण आलंय म्हनून सांगू? लायनीतलं कुणीतरी?"

"आबा..." ती म्हणाली, आणि तिनं लिंबू कापायला घेतलं.

नाथाजींनी इस्त्रीवर पाण्याचा थेंब उडवला. तो चर्रर्र करून उडाला, तेव्हा त्यांनी दुसरी पँट पसरली आणि शिवण शोधायला लागले.