दोन डाव बाकी असताना

आत्याने मला सोबत म्हणून पाठवलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काम वेगळं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रवासासाठी ठेपल्यांच्या पुड्या बांधता बांधता ती हळूच म्हणाली, "ती सारखी फोन घेऊन बाहेर जाते. हॉटेलात तुमची दोघींची रूम एक आहे. जरा बघ, कोण आहे ते."

"मुलगा असेल असं वाटतंय तुला?"

"मला काहीच वाटत नाही. तू बघ फक्त."

मास्टर्ससाठी आले तेव्हापासून मी नेपरव्हिलला आत्याकडेच राहते, शिकागोत नोकरी लागल्यानंतरही. 'ती' म्हणजे आत्याची मुलगी, माझ्याहून लहान, इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. ती कर्लिंग खेळते. हा खेळ मी इथे येईपर्यंत पाहिलाही नव्हता. ग्रॅनाइटचा जड, गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवत सोडायचा. त्याच्यापुढे दोघींनी धावत ब्रशने बर्फ घासायचा, म्हणजे दगड लांब जातो आणि कमी वळतो. शेवटी लांबवर रंगवलेल्या वर्तुळांच्या मधोमध ज्यांचा दगड, त्यांचे गुण. असे दहा डाव. त्या हिवाळ्यात तिच्या टीमला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली होती. पुरुषांची आणि बायकांची स्पर्धा एकाच जागी, उत्तरेकडच्या एका गारठलेल्या गावात, आठवडाभर.

काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, त्या आठवड्याची सुट्टी सहा महिने आधीच टाकली होती. काका नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले. स्वतः कधी बर्फावर पाय ठेवला नसेल, पण मुलगी शाळेत असल्यापासून दर शनिवार-रविवार पहाटे तिला रिंकवर घेऊन जायचे. आता त्यांना बर्फातलं तिच्याहून जास्त कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी तिच्याशी एक करारही केला होता. ही टीम प्लेऑफ्समध्ये पोचली, तर पुढची दोन वर्षं तिने नोकरीचा विचार करायचा नाही, फक्त खेळायचं. नाही पोचली, तर मग बघू.

"मग बघू म्हणजे काय?" मी गाडीत विचारलं.

"म्हणजे पोचणारच आहे ती," काका म्हणाले. मागच्या सीटवर ती कानात इयरफोन घालून डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. झोपलेल्या माणसाचा जबडा इतका घट्ट नसतो.

त्या गावातलं सगळंच मला संशयास्पद वाटलं, हे आधीच कबूल करते. रिंकच्या दारातल्या बाईंनी इतकं प्रेमाने स्वागत केलं की मी पर्स पुढे घेतली. स्टँडमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी "तुमची कोण खेळतेय?" असं विचारलं, आणि मी "फॅमिली" एवढंच सांगून थांबले. खेळ तर आणखीच विचित्र. इथे प्रतिस्पर्धी एकमेकींना 'गुड शॉट' म्हणायच्या, आणि दगडाला चुकून ब्रश लागला तर जिचा लागला तीच हात वर करून सांगायची. शेजारच्या पट्ट्यावर पुरुषांची मॅच असली की ते घसा फाटेस्तोवर ओरडायचे, पण एकमेकांवर नाही, दगडावर. मॅच संपली की दोन्ही टीम्स खालच्या हॉलमध्ये एकाच टेबलावर बसायच्या आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना ड्रिंक द्यायचं, अशी रीतच होती.

"इतकं गोड कोणी उगाच बोलतं का?" काका मला म्हणायचे. त्यांचा संशय मुख्यतः आमच्या टीमच्या कॅप्टनवर होता. तिशीची, उंच, शांत बाई. दुसऱ्या एका टीमची कॅप्टन तिची कॉलेजातली मैत्रीण होती आणि त्या दोघी रोज सकाळी एकत्र नाश्ता करायच्या. "ते बघ. आज पुन्हा. काय बोलून राहिल्या असतील?"

"पॅनकेकबद्दल असेल, काका."

"तुला नाही कळायचं. आपली पोरगी ह्यांच्यात एकटीच आहे. कधी बाजूला सारतील, पत्ता लागणार नाही."

मी हसले, पण त्या दिवसापासून मीही त्या बाईकडे बघायला लागले. संशय बसतोच असा, शेजारच्या माणसाकडून.

फोनचं कोडं मात्र तिसऱ्याच दिवशी सुटलं. ती बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होती, पण हॉटेलच्या भिंती पातळ होत्या. ती इंग्रजीत म्हणत होती की जूनमध्ये जॉइन होऊ शकते, टेक्सासमध्ये प्लेनोला शिफ्ट व्हायला काही प्रॉब्लेम नाही, आठवड्याअखेर नक्की कळवते. बाहेर आली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते, ज्या घातलेल्याच होत्या.

"ऐकलंस ना?"

मी आणखी एक टी-शर्ट उलगडून पुन्हा त्याची घडी घातली.

"आईने पाठवलंय तुला. आय नो. सांगणार?"

"तिने मुलगा आहे का, एवढंच विचारलंय. मुलगा नाही, असं सांगेन."

ती हसली. "टेक्निकली ट्रू." मग पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "ताई, मी थकलेय गं. मला आवडतं, पण झालं आता. मला नुसतं ऑफिसला जायचंय, घरी यायचंय. संडेला उशिरा उठायचंय."

"मग काकांना सांग ना."

"काय सांगू? त्याने मोठी व्हॅन घेतली, माझ्या टीमला नेता यावं म्हणून. त्याच्या ऑफिसमध्ये डेस्कवर दगडाचा फोटो आहे. माझा नाही, दगडाचा! तू सांगशील?" तिने उशी तोंडावर ओढून घेतली. आतून आवाज आला, "हरलो तर आपोआपच होईल सगळं."

हे वाक्य ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. पुढचे सगळे दिवस मी तिचा प्रत्येक दगड चोरासारखा पाहिला. दगड थोडा आखूड पडला की माझ्या मनात यायचं, मुद्दाम? जरा रुंद गेला की, मुद्दाम? कॅप्टनवरचा काकांचा संशय मला आता भाबडा वाटू लागला होता. आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. रात्री आत्याचा फोन आला की मी म्हणायचे, "मुलगा नाही गं. खेळाचंच टेन्शन आहे." तीही खुशीत फोन ठेवायची.

शेवटची साखळी मॅच कॅप्टनच्या त्याच मैत्रिणीच्या टीमबरोबर आली. जिंकलं तर प्लेऑफ्स, हरलं तर घर. काका सकाळपासून जेवले नव्हते.

त्या दिवशी ती फार सुंदर खेळली. मला हे लिहायलाच हवं, कारण मी वाईट खेळ शोधत बसले होते आणि तो मला सापडला नाही. ती टीममध्ये तिसरी, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालची. पाचव्या डावात तिने एका दगडाने समोरच्यांचे दोन दगड बाहेर काढले तेव्हा शेजारच्या आजोबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मी चक्क पर्स सोडून टाळ्या वाजवल्या. पण समोरच्या त्याहून चांगल्या खेळत होत्या. आठवा डाव संपला तेव्हा आमच्या पाच गुणांनी मागे होत्या. दोन डाव बाकी होते.

कर्लिंगमध्ये मॅच संपेपर्यंत खेळलंच पाहिजे असं नसतं. आता जमणार नाही असं वाटलं की हरणारी टीम आपणहून हात मिळवते आणि मॅच तिथेच थांबते. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट उगाच रेंगाळणं बरं दिसत नाही. हे मला आठवड्याभरात कळलं होतं. काकांना तर कधीचंच माहीत होतं.

कॅप्टन बर्फावरून चालत तिच्याजवळ आली. काही बोलली नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं, पुढे काय, असं. बाकीच्या दोघी लांब उभ्या होत्या. आणि ती, आमची, तिने स्कोअरबोर्डकडे पाहिलं, एक श्वास घेतला, आणि मान हलवली. कॅप्टनने नंतर. मग कॅप्टन हातमोजा काढत समोरच्या टीमकडे गेली.

"अरे!" काका उभे राहिले. "हात कशाला मिळवून राहिल्या ह्या? दोन डाव आहेत ना अजून! दोन डावात पाच येतात, मी पाहिलंय!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी त्यांच्या जॅकेटची बाही धरली. "ही त्या बाईची करामत आहे," ते मराठीतच म्हणाले. "रोजचे पॅनकेक!"

खालच्या हॉलमध्ये दोन्ही टीम्स नेहमीसारख्या एका टेबलावर बसल्या होत्या. ती कोपऱ्यात, समोर आल्याचं सरबत, गाल अजून लाल. आमची कॅप्टन तिच्या शेजारी. काका सरळ तिथे गेले, मी त्यांच्यामागे. त्यांना बघून कॅप्टनने हसून खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत.

"हिनेच ठरवलं ना?" त्यांनी कॅप्टनकडे न बघता मुलीला विचारलं.

कॅप्टनला एक शब्द कळत नव्हता. ती हसतच राहिली.

"बाबा, प्लीज. इथे नको."

"मी पाहिलं. ती आली, तुझ्याकडे बघितलं, आणि मॅच खतम. तुला विचारलंसुद्धा नाही. ही मॅच मी धरतच नाही. अर्धवट आहे. पुढच्या वर्षी दुसरी टीम बघू आपण. आपला करार तसाच आहे." मग ते माझ्याकडे वळले. "तू माझ्या शेजारीच होतीस. सांग हिला. आधी कोणी मान हलवली?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. 'कॅप्टनने' म्हटलं असतं तर काकांचं समाधान झालं असतं आणि ती आणखी दोन वर्षं अडकली असती. खरं सांगावं, तर ते माझं नव्हतं सांगायचं.

"मी फोन बघत होते, काका," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघून चक्क फुरफुरली, हसू आणि रडू एकत्र आल्यासारखी. "बाबा, ताई सगळं बघते. फक्त फोन नव्हती बघत." मग तिने ग्लास बाजूला सारला. "मी हलवली आधी. मीच. खोटं खेळले नाही मी, एक दगड पण नाही. पण तिने विचारलं तेव्हा मला थांबायचं होतं. आणि मला पुढेही थांबायचंय. प्लेनोला जॉब आहे. मी हो म्हणणार आहे."

काका उभेच होते. पलीकडे पुरुषांच्या कुठल्यातरी टीमने जिंकल्याचा गलका केला. समोरच्या कॅप्टनने, जिने आम्हाला हरवलं होतं, उठून काकांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय घेणार? रीतीप्रमाणे. काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "गुड गेम" म्हणाले आणि गाडी गरम करतो असं सांगून बाहेर गेले. हॉटेल रस्त्याच्या पलीकडेच होतं.

"हे फार सोपं झालं," ती रूममध्ये म्हणाली. "ही विल स्टार्ट अगेन. नेपरव्हिल येईपर्यंत गाडीत लेक्चर."

मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी मी नाश्त्याला गेले तेव्हा काका एकटेच बसले होते. दोन्ही कॅप्टन खिडकीशी होत्या, पण आज काकांची पाठ त्यांच्याकडे होती. मी चहा घेऊन समोर बसले. त्यांनी प्लेनोची कंपनी कशी आहे, मी काही ऐकलंय का, असं विचारलं. नाही म्हटलं. मग ते कपातली टी-बॅग वरखाली करत राहिले.

"काल तू फोन नव्हतीस बघत."

"नाही," मी म्हणाले.

"मी पण तिच्याकडेच बघून राहिलो होतो. दुसरीकडे कुठे बघणार? तिनेच हलवली आधी. दिसलं मला."

"मग मला का विचारलंत?"

"म्हटलं, तू काही वेगळं पाहिलं असशील," काका म्हणाले, आणि प्लेट घेऊन येणाऱ्या आपल्या मुलीसाठी शेजारची खुर्ची ओढली.