मिक्सर आणि बाबांचा उजवा हात

माग मध्येच थांबला की विणकराच्या घरातलं माणूस दचकतं. त्या दिवशी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते आणि पुढच्या खोलीतली खटखट बंद पडली. सूत तुटलं असेल तर मिनिटभरात गाठ मारून माग पुन्हा सुरू होतो. मिनिट गेलं, दुसरं गेलं. राखेच्या हातानेच पळत गेले. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नेहमीसारखेच बसले होते, फक्त उजवा हात मांडीवर पडला होता.

"हात चालून नाई राहिला वं," ते म्हणाले. शेजारच्याच्या हाताबद्दल सांगावं तितक्या शांतपणे म्हणाले.

उजव्या हातानेच तर ते दोरी ओढत. दोरी ओढली की धोटा सुताच्या दोन थरांमधून इकडून तिकडे पळतो, आणि लुगडं एका धाग्याने पुढे सरकतं. तीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं होतं. संध्याकाळपर्यंत हात परत आला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "या वेळी हात परत आला. पुढच्या वेळी येईलच असं काही मी लिहून देणार नाही," ते म्हणाले. तेल, तिखट, मीठ कमी करा. पालेभाज्यांचं सूप द्या, गाजराचा, बीटाचा रस द्या. बाबांनी सगळ्याला मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "सूप म्हंजे काय वं?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठी बहीण लग्न होऊन उमरेडला गेली होती, घरात आम्ही तिघंच. मी सकाळी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि दुपारभर शिकवण्या करायची. माझा स्वभाव मुळातच असा की एका जागी बसवत नाही. त्यात ते डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घुसलेलं. फळ्यावर पाढे लिहिता लिहिता वाटायचं, आत्ता घरी माग चालू असेल की थांबला असेल? पोरं मागून ओरडायची, बाई, आठचा पाढा पुढे लिहा ना. मी खडू हातात धरून तशीच उभी.

आमच्या घरात पालेभाजी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. आम्ही रश्शाची माणसं, तोही सावजी रस्सा. खोबरं, खसखस, धणे, लवंग, मिरे भाजून पाट्यावर लोण्यासारखं वाटायचं, आणि जवसाच्या तेलात असं परतायचं की तर्री बोटभर वर आली पाहिजे. घाम फुटला नाही तर बाबा म्हणत, "आज का देवाचा परसाद केला का?" पण हा थाट फक्त रविवारचा. तो मसाला वाटायला मायचे दोन तास जायचे. वरवंटा ओढून ओढून तिचा खांदा भरून यायचा, रात्री मी तिला तेल चोळून द्यायची.

पालकाचं सूप पाट्यावर कसं होणार? मी एकदा करून पाहिलं, हिरवा चिखल झाला. तेव्हा मी ठरवलं की मिक्सर घ्यायचा. आमच्या गल्लीत तोवर कोणाकडे मिक्सर नव्हता. माय म्हणाली, "काहून पायजे बाप्पा? माहे हात गयले का?" मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, बाबांच्या हाताचं पाहायचं की तुझ्या हाताचं कौतुक करत बसायचं? आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते, पण तेव्हा मी खरोखर अशीच बोलायची.

सीताबर्डीवर व्हरायटी चौकाजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन खोकी पुढे मांडली. मी म्हटलं, सगळ्यात जोरदार मोटर कोणाची, ते दाखवा. त्याने सुकं खोबरं घालून बटण दाबलं, दुकानातली काच थरथरली, आणि झाकण काढून म्हणाला, "बहनजी, पत्थर भी पीस देगा." मला पालक वाटायचा होता, पण दगडाचं नाव ऐकून मी खूश. खोकं मांडीवर घेऊन सायकल रिक्षाने घरी आले. वाटेत दहादा वाटलं, रिक्षावाला काहून इतका हळू चालवून राहिला, उतरून पळतच जावं.

मायने मिक्सरला हळद-कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. मी पहिलं बीट टाकलं आणि झाकण धरायचं विसरले. भिंत लाल, छत लाल, मायचं कपाळ लाल. बाबा दारातून पाहत होते. पेल्यात उरलेला रस त्यांच्यापुढे धरला तर म्हणाले, "हे तं रंगाच्या टाकीतलं पाणी आहे. सूत रंगवून राहिली का मले?" पण नाक धरून प्यायले. मी त्याच दिवशी हौसेने पाटा-वरवंटा ढकलत अंगणात नळाजवळ नेऊन टाकला. "घे माय, सुटलीस," म्हटलं. ती पाट्याकडे पाहत राहिली.

त्यानंतरचे दोन महिने मी मोठ्या तोऱ्यात होते. संध्याकाळी घरी यायची, स्वतः पालक उकडायची, वाटायची, वरून जिरं घालून बाबांपुढे ठेवायची. ते एक शब्द न बोलता प्यायचे. शाळेत मी बाकीच्या बायांना सूप कसं करायचं ते शिकवत सुटले. मिक्सरच्या भांड्याचं झाकण आतून तांबूस होत चाललं होतं, ते मला दिसत होतं. मला वाटलं, बीटाचा डाग.

आणि रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी दोनदा पट्टा बांधला, दोनदा हवा सोडली, आणि मला विचारलं, "पथ्य पाळता ना?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, डॉक्टर, यंत्र तुमचं बिघडलं असेल, आमच्या घरी रोज सूप होतं. बाबा छताकडे पाहत होते. त्या आठवड्यात मी त्यांना सुताची गाठ मारताना पाहिलं. जी गाठ ते न पाहता मारायचे, तिला तीनदा प्रयत्न लागला. चिमटीतून धागा निसटत होता, आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले.

मग माझं मन कुठेच लागेना. जेवता जेवता उठायची, झोपेतून उठून पुढच्या खोलीत जाऊन त्यांचा हात हलतो का ते पाहायची. त्या बुधवारी शाळा सुटली आणि शिकवण्या टाकून मी घराकडे निघाले. काही कारण नव्हतं, पाय थांबत नव्हते एवढंच. गांधीबागेतून येताना कापडाच्या गाठी लादलेल्या हातगाड्यांनी रस्ता अडवला होता. मी गाडीवाल्यांशी भांडत, धक्के खात वाट काढली.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लवंगेचा. बुधवारी.

घरात शिरले तर बाबांच्या पुढ्यात ताट, ताटात पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, वर बोटभर तर्री. ते घामाने डबडबले होते आणि चेहरा असा समाधानी की मला रडू यावं. मला पाहून त्यांचा घास हातातच राहिला. मी सरळ आत गेले, भिंतीतून मिक्सरचा प्लग उपटला आणि मायवर तुटून पडले.

"किती दिवसांपासून चालू आहे हे?"

माय भांडं पुसत राहिली. बाहेर बाबा हात धुऊन मागावर जाऊन बसले, खटखट सुरू झाली. मग ती हळू आवाजात बोलली. बुधवारी पाटोडीचा, शुक्रवारी अंड्याचा. दुपारी मी घरी नसते तेव्हा. रविवारचा मटणाचा तेवढा, आठवड्यातून एकदाचा म्हणून, मीच चालू दिला होता. संध्याकाळी ते सूप निमूट पितात, कारण दुपारचं पोटात असतं.

"तुले समजत नाई का माय? त्यायचा हात जाईन. तू काहून करून देतेस? नाही म्हणता येत नाई का?"

ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज रागाचा होता, आणि तिचा राग मी त्याआधी फारसा ऐकला नव्हता.

"नाई कशी म्हणू वं? लग्न होऊन आली तशी त्यायले एक डाव नाई म्हटलं नाई मी. मधल्या वारी रस्सा मांगला तं म्हणो, आज हात दुखून राहिले, पाटा नाई होत. मंग ते काई म्हणत नव्हते. तू हे मशीन आणलं. आता बटन दाबाचं आहे फक्त. कोणता हात दुखते सांगू त्यायले?"

मी उभीच होते. हातात प्लगची वायर होती. जोरदार मोटर मागितली होती मी दुकानात, दगड वाटणारी. इतकी वर्षं जो पाटा बाबांच्या आणि त्या रश्शाच्या मध्ये उभा होता, तो मी स्वतःच्या हातांनी अंगणात ढकलून आले होते. मायजवळ बिचारीजवळ एकच सबब होती, तीही मी हिरावून घेतली. आणि वर तिच्यावरच ओरडत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मायच्या शेजारी बसायचंही धाडस होईना.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खटखट येत नाही आहे. कधी थांबली कोण जाणे. स्वयंपाकघर आणि मागाची खोली यांच्यात बांबूचा एक पातळ तट्ट्या होता, बाकी काही नव्हतं. मी पळत पुढे गेले. बाबांचा हात दोरीवर होता, ठीक होता. त्यांनी दोरी ओढली नव्हती. ते खाली, अर्ध्या विणलेल्या लुगड्याच्या किनारीकडे पाहत बसले होते.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असेच गेले. शुक्रवारी दुपारी काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी घरभर येरझारा घालायची, माय म्हणायची, बस वं पोरी, घेरी येऊन राहिली मले तुह्याकडे पाहून.

रविवार आला. मायने नेहमीप्रमाणे खोबरं भाजलं, खसखस भाजली. मिक्सरच्या भांड्यात सगळं भरलं, झाकण लावलं, एक हात झाकणावर ठेवला आणि दुसऱ्याचं बोट बटणावर. मी दारात उभी राहून नखं खात होते. बोलायचं तर होतं, पण बोलण्याचा अधिकार मी बुधवारीच घालवला होता.

बाबा मागावरून उठून आत आले. रविवारी स्वयंपाक होईस्तोवर ते कधीच आत येत नसत. त्यांनी मिक्सरकडे पाहिलं, मग मायच्या बोटाकडे.

"राहू दे वं आज," ते म्हणाले. "हात दुखत असतीन तुहे."

मायचं बोट बटणावरच होतं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने आपला खांदा दाबून धरला.

"हो," ती म्हणाली. "बहुत दुखून राहिले."

तिने भांड्यातलं खोबरं पुन्हा डब्यात काढलं. मी पालक निवडायला घेतला. त्या दिवशी बाबा पालकाची पातळ भाजी दोनदा मागून जेवले, उजव्या हाताने.