मी न विचारलेला प्रश्न

माझी पहिली मुलाखत एका कापूस-शास्त्रज्ञाची होती आणि ती मी नंदीबैलासारखी घेतली. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी वर्ध्याच्या एका साप्ताहिकात उमेदवारी करत होतो. जाम गावाच्या पुढे एक साहेब संकरित कपाशीवर काम करत. त्यांच्याकडे मी वहीत चौदा प्रश्न लिहून नेले. 'आपल्या संशोधनामागची प्रेरणा कोणती?' हा पहिला. बाकीचेही याच जातीचे. साहेब दोन तास बोलले. एका वाणाच्या कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा. मला निम्मं कळलं, मान मात्र पूर्ण डोलावली. बी.एस्सी. झालेल्या माणसाला 'समजलं नाही' म्हणायची लाज वाटते.

लेखाचा शेवट फुलवायला मी मनानंच एक वाक्य जोडलं: 'एकदा हे बियाणे घेतले की शेतकऱ्याची बियाण्याची चिंता जन्माची मिटली.' संपादकांना नेमकं तेच आवडलं. मजकूर छापखान्यात देऊन मी रविवारी आंजीला घरी गेलो आणि वडिलांना कच्चा खर्डा वाचून दाखवला.

वडिलांनी आदल्या साली हेच संकरित बी लावलं होतं. पीक झकास आलं, म्हणून त्याच कापसाची सरकी त्यांनी यंदाच्या पेरणीसाठी पोतं भरून ठेवली होती. गावात आणखी चौघांनी तेच केलं होतं.

"हे साहेब म्हनले?" वडिलांनी विचारलं.

"त्यांना तसंच म्हणायचं होतं."

"घरची सरकी पेरली तं चालते का नाई, हे तुनं इचारलं काय?"

मी खर्ड्याची पानं उलटीसुलटी करू लागलो.

"मंग दोन तास काय करून राह्यला होता?"

पेरणीला महिना उरला होता आणि अंक मंगळवारी छापायला जाणार होता. माझं वाक्य खोटं निघालं, तर ते वाचून किती जण सरकी पेरतील, या विचारानं मी घाबरलो. सोमवारी पहिल्या एसटीनं साहेबांकडे गेलो आणि वडिलांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"मुळीच पेरू नका," साहेब म्हणाले. "दुसऱ्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत. एक कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, आणि बोंडांचा भरवसा नाही. मी हे सांगितलं नव्हतं?"

"नाही."

त्यांचाही चेहरा उतरला. "तुम्ही इतकी मान डोलावत होतात. म्हटलं, शेतकऱ्याघरचे आहात, ठाऊकच असेल."

धावतपळत छापखाना गाठला. छपाई सुरू व्हायची होती. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं चिमट्यानं माझं वाक्य खिळा-खिळा करून उचललं आणि मी कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसलो. स्वतःचं लिखाण रद्द होताना इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही. त्या जागी वडिलांचा प्रश्न आणि साहेबांचं उत्तर बसलं.

अंक घरी नेऊन मी तेवढा भाग दोनदा वाचला.

"हा सवाल तं माहा हाय," वडील म्हणाले.

"हो."

"मंग माहं नाव काऊन नाई टाकलं?"

उत्तराची वाट न पाहता ते उठले आणि सरकीचं पोतं म्हशीच्या गव्हाणीकडे ओढत घेऊन गेले.