उलट्या दिशेची धाव

विद्यापीठाच्या त्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या इतिहासात दोन डाव असे आहेत की ते सांगितल्याशिवाय जुन्या खेळाडूंचं एकही संमेलन पार पडत नाही. पहिल्या डावात आमचा एक खेळाडू चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलरेषेकडे धावत सुटला. दुसऱ्यात एका भारतीयाने चालू सामन्यातून चेंडूच पळवून नेला. दोन्ही डाव एकाच दुपारचे, पाचेक मिनिटांच्या अंतराने झालेले. तो भारतीय म्हणजे मी. लोक सांगतात तेव्हा हसतात, आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्याला हसू यावं असंच ते दिसलं होतं.

मी पीएचडीसाठी जर्मनीत गेलो ते फ्रँकफर्टहून गाडीने तासाभरावर असलेल्या एका गावात. राहायला वेगे मिळाली, म्हणजे एका फ्लॅटमध्ये दोघांनी दोन खोल्या घ्यायच्या आणि स्वयंपाकघर सामाईक. दुसऱ्या खोलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा होता. उंच, रुंद खांद्यांचा, आईवडिलांचा दुधाचा धंदा असलेल्या खेड्यातून आलेला. पहिल्या महिन्यात त्याच्याशिवाय माझ्याशी कोणी पाच वाक्यांच्या वर बोललं नव्हतं. मी चहा करताना तो दारात उभा राहून माझं जर्मन दुरुस्त करायचा. पुल्लिंगी शब्दाआधी ‘डेर’ म्हणायच्या जागी मी स्त्रीलिंगी ‘दी’ म्हणालो की तो मान हलवायचा आणि मी बरोबर म्हणेपर्यंत कप हातात घ्यायचा नाही.

अमरावतीला कॉलेजात मी कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यावर. हे एकदा त्याला सांगितलं आणि स्वयंपाकघरातच त्याचा घोटा धरून दाखवला. एवढा मोठा गडी फ्रिजवर जाऊन आदळला आणि उठून म्हणाला, “उद्या माझ्याबरोबर मैदानावर यायचं.”

तो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. आदल्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप होऊन गेलेला, सगळी जर्मनी साध्या फुटबॉलने झपाटलेली, आणि ही पंधरावीस पोरं हेल्मेट घालून लांबट चेंडूमागे एकमेकांना धडका देत होती. आमचा ट्रेनर एक वर्ष अमेरिकेत राहून आलेला, आमच्याहून चारसहा वर्षांनीच मोठा. त्याने मला सगळ्यांत मागे उभं केलं. म्हणाला, “कोणी सुटून आला तर पाय धर. बाकी काही समजून घेऊ नकोस.” मीही फार समजून घेतलं नाही. पण रविवारी जायला एक जागा झाली, नावाने हाक मारणारी माणसं झाली. परदेशातल्या पहिल्या वर्षी ही लहान गोष्ट नसते.

तो सामना मेमधला. ऊन होतं, कठड्याशी शंभरएक माणसं, सॉसेज भाजल्याचा वास. उत्तरार्धात माझ्या मित्राची समोरच्या संघातल्या एका दांडग्याशी टक्कर झाली. हेल्मेटवर हेल्मेट. आवाज मोठा झाला, पण असे आवाज दर डावाला होतात. तो उठला, हनुवटीखालचा पट्टा सारखा केला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

पुढच्याच डावात त्यांच्या माणसाच्या हातून चेंडू सुटला. तो घरंगळत माझ्या मित्राच्या पायाशी आला. त्याने उचलला, एकदा मागे पाहिलं, आणि धावू लागला. आमच्याच गोलरेषेकडे. थेट माझ्या दिशेने.

आधी वाटलं, कोणाला चुकवतोय, आता वळेल. तो वळला नाही. माझ्या शेजारून गेला तेव्हा हेल्मेटच्या जाळीआडचा त्याचा चेहरा दिसला. तो चेहरा खेळणाऱ्याचा नव्हता. मी त्याच्या नावाने ओरडलो, सगळे ओरडत होते. आपल्याच रेषेपलीकडे त्याला कोणी पाडलं असतं तर समोरच्यांना गुण मिळाले असते, एवढा नियम मला ठाऊक होता. मी मागे धावलो आणि सूर मारून त्याचा घोटा धरला. रेषा हातभर राहिली असताना तो तोंडावर आपटला.

मैदान हसून लोटपोट झालं. आमच्याच माणसाने आमचाच माणूस पाडला! कठड्यापाशी टाळ्या पडल्या. मी त्याला उताणा केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, “गाय सापडली का?”

मला वाटलं, मी शब्द चुकीचा ऐकला. ‘कू’ म्हणजे गायच ना? त्याने पुन्हा विचारलं.

दोघांनी त्याला हात देऊन कडेला नेलं. ट्रेनरने त्याच्यासमोर बोटं धरली, त्याने ती बरोबर मोजली. “ठीक आहे मी,” तो म्हणाला. “मग चल, आत जा,” ट्रेनर म्हणाला.

मी ट्रेनरची बाही धरली. डोक्याला मार लागल्यावर मेंदू हादरतो, त्याला जर्मनमध्ये एक लांबलचक शब्द आहे. आता मला तो झोपेतही येतो. तेव्हा येत नव्हता. मी म्हणालो, “डोकं. डोकं बिघडलंय. तो गाय म्हणतो.”

“काय म्हणतो?”

“गाय. गाय कुठे आहे विचारतो.”

बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. ट्रेनरलाही हसू आवरेना. “अरे, तो शेतकऱ्याचा पोरगा आहे,” तो म्हणाला आणि मला पाठीवर थाप मारून आत ढकललं.

मी माझ्या जागेवर गेलो. माझा मित्र पुढे उभा होता, पण गुडघे जरा जास्तच वाकलेले, आणि नजर चेंडूवर नव्हती, कठड्यापलीकडच्या रस्त्यावर होती. तोवर चेंडू पुन्हा त्यांच्याकडे गेला होता. समोर तोच दांडगा. चेंडू गवतावर ठेवलेला, त्यांचा मधला खेळाडू त्यावर वाकत होता. आता शिट्टी होईल आणि तो दांडगा पुन्हा त्याच्या डोक्यावर जाईल, एवढंच मला दिसत होतं. पंचाला सांगता आलं असतं, मित्राला ओढून बाहेर काढता आलं असतं. हे सगळं नंतर सुचतं. तेव्हा मी धावत आमच्या रांगेतून पुढे घुसलो, चढाईला जावं तसा, त्या वाकलेल्या माणसाच्या हाताखालून चेंडू उचलला आणि मैदानाबाहेर पळालो.

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग शिट्ट्या, पंचांनी फेकलेले दंडाचे पिवळे रुमाल, आरडाओरडा. दोघेतिघे माझ्यामागे धावले. धावपट्टीच्या कडेला प्रथमोपचाराची गाडी उभी होती, तिच्या पायरीवर एक बाई थर्मासमधली कॉफी पीत बसली होती. मी चेंडू तिच्या मांडीवर टाकला आणि मैदानाकडे हात केला. “तो. उंच. डोकं. कृपा करून.”

ती हसली नाही. कप खाली ठेवून उठली.

पंचांनी मला सामन्याबाहेर काढलं. ट्रेनर माझ्यावर काय काय ओरडला त्यातलं निम्मं मला कळलं नाही, तेवढा एक भाषा न येण्याचा फायदा. ती बाई माझ्या मित्रापाशी पोहोचली, त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि त्याला बाकावर बसवते न बसवते तोच तो ओकला. मग मात्र कोणी हसलं नाही.

त्याला त्याच गाडीतून हॉस्पिटलला नेलं. मी पॅडं काढून, मातीने मळलेल्या कपड्यांनिशी बसने मागोमाग गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “नातेवाईक?” मी म्हणालो, “वेगे.” तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याला ऑपरेशनला नेलंय हे मला त्याचे आईवडील आल्यावर कळलं. वडील भिंतीला टेकून उभे राहिले. आई माझ्याजवळ बसली आणि हळूहळू, मला समजेल अशा बेताने म्हणाली, “तू होतास ना तिथे? मला सांग.”

मी सांगितलं. टक्कर, उलटी धाव, मी पाय धरला ते. आणि गाय.

तिने तोंडावर हात ठेवला. तो सहा वर्षांचा असताना त्यांची एक गाय कुंपण मोडून मोठ्या रस्त्याकडे पळाली होती. तो एकटाच तिच्यामागे धावत गेला होता, आणि त्याला शोधायला अख्खं गाव निघालं होतं. “तेव्हा घरात आल्या आल्या त्याने हेच विचारलं होतं,” ती म्हणाली.

डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी त्यांना गाठून विचारलं, “मी त्याला पाडलं. त्या पडण्याने झालं का?” एव्हाना तो लांब शब्द मी पाठ केला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला. “आधीच्या टकरीने झालं असेल. दोन्हींनी मिळून असेल. हे मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणीही सांगू शकणार नाही.” त्यांना वाटलं असेल, याने मला धीर येईल.

उन्हाळ्याच्या शेवटी तो फ्लॅटवर परत आला. दिसायला तोच. पण पुस्तकाचं पान अर्ध्यावर आलं की कपाळ धरायचा. बोलताना साधे शब्द हरवायचे, चमच्याला ‘ते, ते’ म्हणत हवेत हात फिरवायचा. एकदा त्याने ‘डेर’च्या जागी ‘दी’ म्हटलं. मी गॅसकडे तोंड करून चहा ढवळत राहिलो.

डिसेंबरात संघाची नाताळची पार्टी झाली, दुपारीच. कोणीतरी वर्षभराच्या चित्रीकरणातले गमतीचे तुकडे जोडून आणले होते. भिंतीवर उलटी धाव दिसली आणि खोलीत एकदम शांतता झाली. तो शेजारीच बसला होता. त्याला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. त्याने आधी पाहिलं, मग मोठ्याने हसला. “पुन्हा लावा!” पुन्हा लावलं. मग सगळेच सुटल्यासारखे हसले.

ट्रेनर उठून बाहेर गेला. मागोमाग मी गेलो. तो सायकलींच्या रांगेपाशी अंगात जॅकेट न घालता उभा होता.

“तू सांगत होतास,” तो म्हणाला.

“मी गाय म्हणत होतो.”

“हो. तरी सांगत होतास.” पुढच्या मोसमात तो संघाकडे फिरकला नाही.

माझा मित्र वसंतात अभ्यास सोडून गावी गेला. वडिलांबरोबर गोठ्यात काम करू लागला. मी थिसिस संपत आली तेव्हा त्याला भेटायला गेलो. त्याच्या काकांचा वाढदिवस होता, लांब टेबलाभोवती शेजारीपाजारी जमलेले. केक वाटून झाल्यावर तो मला उभं करून म्हणाला, “हाच तो! याला नियमच माहीत नव्हते. मी चेंडू घेऊन बरोबर चाललो होतो, पॉइंट होणार होता, आणि याने मलाच पाडलं!” त्याने घोटा धरल्याचा अभिनय केला. टेबल हसलं. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “आल्झो, म्हणजे भारतात असं खेळतात होय?”

मी म्हणालो, “या, गेनाऊ.” हो, अगदी असंच. आणखी हसले. तो माझ्या खांद्यावर हात टाकून उभा होता, खुशीत. ते सगळं त्याला खरोखर आठवतंय, असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. आई कॉफीचं भांडं घेऊन दारात थांबली होती. ती हसली नाही.

स्टेशनवर मला तिने सोडलं. गाडीत रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “आता तो असंच सांगतो. आम्ही दुरुस्त करत नाही. तू रागावलास का?”

“नाही,” मी म्हणालो. “तुम्ही नकाच करू.”

तिने मान हलवली. ट्रेनमध्ये बसलो तरी ती प्लॅटफॉर्मवर हात हलवत होती. मी खरं बोललो होतो, राग नव्हता. पण डॉक्टरांना विचारलेला प्रश्न त्या संध्याकाळी फ्रँकफर्ट येईपर्यंत माझ्या समोरच्या सीटवर बसून होता. अजूनही तो कधीमधी येऊन बसतो.