पुलाजवळची खिडकी

माझा नवरा आखातात, रास अल खैमाच्या एका सिमेंट कारखान्यात होता. ट्रेनिंगसाठी त्याला फ्रान्समधल्या एका लहानशा नदीकाठच्या गावी पाठवलं होतं. रोज संध्याकाळी तो फोनवरून मला ते गाव फिरवून आणायचा. परत आला आणि थोड्याच दिवसांत हृदयविकाराने गेला.

गाव माझ्याकडे राहिलं. इथे घराजवळ, अल मजाजच्या खाडीकाठी पाय मोकळे करताना मी त्याच्याच क्रमाने जाते. दगडी पूल. पिठाची गिरणी, तिच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या कोरलेल्या रेघा. बायका कपडे धुवायच्या ते काठावरचं छप्पर. चर्च. शेवटी टेकडीवरचा बुरूज. मिठाच्या होड्यांवर जकात बसवणाऱ्यांनी बांधलेला. तिथून नदीचं वळण दिसतं, असं तो सांगायचा. मला ते एकदा बघायचं होतं.

यंदा मुलगी शिकायला फ्रान्सला गेली. सुट्टीत तिला मी तिथे धाडलं. तो उतरला होता तेच लॉज, खोलीही तीच बुक केली.

"बुरुजावर पोचलीस की व्हिडिओ कॉल कर."

"मम्मा, यू आर वर्स दॅन अ टूर गाइड."

"गाइडला टिप तरी मिळते. यल्ला, चढ."

कॉल आला. पडद्यावर गंजलेलं दार होतं.

"इट्स लॉक्ड. लॉजच्या मालकीणबाई सोबत आल्यात. त्या म्हणतात, त्यांच्या लग्नाआधीपासून बंद आहे."

"दुसरा बुरूज असेल."

"देअर इज ओन्ली वन, मम्मा." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना डॅडा आठवतो. कामावरून आला की खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. कुठेच जायचा नाही. जिन्यातही थांबत थांबत चढायचा. सूप त्या वर नेऊन द्यायच्या."

त्याची धाप मी फोनवर ऐकली होती. "चढ आहे गं," म्हणायचा. मी म्हणायचे, सावकाश चढ.

मुलीला मी खोलीत जायला सांगितलं. तिने फोन खिडकीला टेकवला. पूल, गिरणी, छप्पर, चर्च, वर बुरूज; सगळं त्याने सांगितलेल्या क्रमाने दिसत होतं. पुढे नदी टेकडीआड जात होती.

"उद्या वळसा घालून पलीकडे जाऊ? वळण बघता येईल तुला."

"नको," मी म्हणाले. "खिडकी लावून घे. गारठा असेल."